दगड ठेवून चाललो

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांचं जग बांधायच्या खेळात रात्र लवकर संपवायची असेल तर सगळ्यांना झोपावं लागतं. खेळातला दिवस आणि रात्र मिळून २० मिनिटांची. सर्व्हरवर हजर असलेले सगळे आपापल्या अंथरुणात शिरले की रात्र क्षणात सरते. एकजण जरी उभा राहिला, तर बाकीच्यांनी झोंबी, सांगाडे आणि जवळ येऊन फुटणारे हिरवे क्रीपर झेलत उजाडायची वाट बघायची. माझ्या भाच्याच्या सर्व्हरवर भांडण पेटलं ते या नियमावरून. निवाड्याला मला बोलावलं, कारण त्या पोरांच्या लेखी मी जुना गेमर. जुना म्हणजे ऑर्कुट आठवतं इतका जुना.

सर्व्हर कसला, कोल्हापुरात ताईच्या राजारामपुरीतल्या घरी जिन्याखाली ठेवलेला एक डेस्कटॉप. त्यावर दहा-बारा पोरं खेळतात. बहुतेक गावातलीच, एक कसबा बावड्याचा, एक इचलकरंजीचा, आणि मंगळवार पेठेतली एक नववीतली मुलगी, जिच्याइतकं बांधकाम त्या कंपूत कुणालाच जमत नाही. तिनं शालिनी पॅलेसचा घड्याळाचा मनोरा उभा केलाय आणि आता रंकाळ्यासाठी खड्डा खणतेय. बाजाराच्या रस्त्याला पोरांनी महाद्वार रोड नाव दिलंय. तिथं दुकानं आहेत, हिरे हे चलन आहे, आणि 'उधारी बंद'ची पाटीसुद्धा आहे.

इचलकरंजीच्या पोराच्या वडिलांचं किराणा दुकान. त्यानं आधी दुकानातलं तराजूचं वजन आणून माउसच्या बटणावर ठेवलं आणि रात्रभर मासे धरले. त्याला कुणी काही म्हटलं नाही, उलट सगळे हसले. मग गडी पुढं सरकला. सांगाडे आपोआप जन्मतात अशी एक जागा शोधून त्यानं तिथं कारखाना बांधला. सांगाडे उंचावरून पडून अर्धमेले व्हायचे आणि खाली उभं राहून तलवारीचा एक वार केला की संपायचे. तलवारीला नुसतं बटण दाबून धरून चालत नाही, थांबून थांबून क्लिक करावं लागतं. म्हणून त्यानं आपोआप क्लिक करणारी छोटीशी स्क्रिप्ट लावली. पोरगं कॉम्प्युटर चालू ठेवून जेवायला, क्लासला, झोपायला जायचं, आणि त्याचा खेळातला देह तिथं उभा राहून वार करत असायचा. या खेळात जगाचा तेवढाच तुकडा चालू असतो, ज्याच्या जवळपास कुणी खेळाडू आहे. म्हणजे कारखाना बांधून भागत नाही, कुणीतरी तिथं उभं पाहिजे.

हाडांचे ढीग लागले. हाडांचं खत होतं आणि त्या खतानं पिकं झटक्यात वाढतात. बावड्याचा पोरगा ६४ च्या गठ्ठ्याला एक हिरा घेऊन हेच खत विकत होता. इचलकरंजीकरानं एका हिऱ्याला चार गठ्ठे लावले. बावड्याचं दुकान बसलं.

मला वाटलं भांडण एवढंच. पोरं ताईच्या गच्चीवर जमली होती, इचलकरंजीकर व्हिडिओ कॉलवर होता.

"मामा, हे चीटिंगच झालं की," बावड्याचा म्हणाला.

"हॅक कुठं केलंय मी? क्लिकच मारलंय न्हवं? वजन ठेवलो तवा हसलासा की सगळी."

मुद्दा बिनतोड होता. वजन चालतं तर स्क्रिप्ट का नाही? वजन म्हणजे तरी काय, पितळेत ओतलेली एका ओळीची स्क्रिप्टच. मी काहीतरी मोघम बोलणार, तेवढ्यात इतका वेळ गप्प असलेली मंगळवार पेठ बोलली.

"माझं दुकानबिकान काय न्हाई. त्या रात्री मी त्याला किती वेळ म्हणत बसलो, झोप की रे, झोप की. एक शब्द बोलंना. मला वाटलं रागावलाय."

झालं होतं असं की, दुपारी दोघांचं एका भिंतीवरून वाजलं होतं. रात्री ती ऑनलाइन आली तर हा उभा, वार करतोय, आणि झोपत नाहीये. तिनं आधी प्रेमानं लिहिलं, मग चिडून, मग 'सॉरी' म्हणून. पुढं तिला वाटलं नेट अडकलं असेल, बिचारा तिथंच मरेल. म्हणून अंधारातून चालत त्याच्यापाशी गेली, त्याच्याभोवती मशाली लावल्या, एक भिंत घातली. तो वार करतच होता. "एवढा वेळ मी रिकाम्या पोराशी बोलत हुतो," ती म्हणाली.

भाच्याकडं यावर तोडगा तयार होता. माइनक्राफ्टच्या १.१७ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, किती टक्के खेळाडू झोपले की रात्र सरावी हे सर्व्हरच्या मालकाला ठरवता येतं. त्यानं तिथल्या तिथं मोबाइलवरून आकडा १०० चा ५० केला. "मामा, टेक्निकली विषय संपला." रात्री खरोखरच सरायला लागल्या. ती मात्र पुढचे काही दिवस सर्व्हरवर फिरकली नाही, आणि रंकाळ्याचा खड्डा तसाच पडून राहिला.

गेममधल्या ऑटोमेशनबद्दल लोक भांडतात तेव्हा बहुतेक वेळा भांडण कमाईचं असतं. कुणाला फुकट मिळालं, कुणाचे कष्ट पाण्यात गेले. ती तक्रार खोटी नाही. बावड्याच्या पोरानं सुट्टीचे दिवस घालून ते दुकान उभं केलं होतं. पण अशा तक्रारीला निदान उपाय असतो: भाव बांधून देता येतो, माल मर्यादित करता येतो, कंपनीचा खेळ असेल तर कंपनी नियम बदलते. माइनक्राफ्टवाल्यांनीच २०२० मध्ये मासेमारीचा नियम असा बदलला की, चार ठोकळ्यांच्या डबक्यात वजन ठेवून बसणाऱ्याला मासे मिळतात, पण जादूची पुस्तकं वगैरे ऐवज हवा असेल तर मोकळं पाणी लागतं. या मुलीच्या तक्रारीला असा आकडा सापडत नाही. तिनं कुणाला तरी आपला वेळ दिला आणि पलीकडं घ्यायला कुणी नव्हतं.

आमच्या वेळेला हे सगळं ट्रॅव्हियनमध्ये घडायचं. २००४ साली जर्मनीत सुरू झालेला ब्राउझरमधला खेळ. कोल्हापुरात आम्ही तो २००८-०९ च्या आसपास सायबर कॅफेत बसून खेळायला लागलो. लाकूड, माती, लोखंड, धान्य जमवायचं, गावं वाढवायची, शेजाऱ्याला लुटायचं. महिनोन्महिने चालणाऱ्या फेरीच्या शेवटी कुठल्या तरी युतीनं आपली 'जागतिक आश्चर्य' नावाची इमारत १०० व्या पातळीवर नेली की खेळ खलास. सगळं घड्याळावर चालायचं. तुमच्यावर हल्ला निघाला की तो किती वाजून किती मिनिटं किती सेकंदांनी आदळणार हे दिसायचं, आणि शत्रू काही दुपारी चारला येत नसे. पहाटे साडेतीनची वेळ धरूनच फौज सोडायचा. त्यात भारनियमनाचे दिवस. ऐन हल्ल्याच्या वेळी वीज गेली की सकाळी उठून मेलेल्या फौजेचा अहवाल वाचायचा.

अशा खेळात बॉट, म्हणजे आपल्या जागी खेळणारा प्रोग्रॅम, लावायची बुद्धी होणं अगदी साहजिक. हल्ला आदळायच्या आधी फौज बाहेर पाठवायची, हल्ला होऊन गेला की परत घ्यायची. हे काम प्रोग्रॅम माणसापेक्षा हजारपट चांगलं करतो. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये ग्रीजमंकी नावाचं जोडसाधन टाकलं की तयार स्क्रिप्ट मिळायच्या. काही नुसत्या गणित करून दाखवायच्या, काही सरळ तुमच्या नावानं खेळायच्या. दुसऱ्या प्रकाराला बंदी होती. पण त्याच खेळात 'सिटर' नावाची अधिकृत सोय होती. दोन विश्वासू माणसं नेमायची, तुम्ही नसताना ती तुमचं खातं सांभाळतील. तेव्हा मला हा नियम ढोंगी वाटायचा. झोपेत माझी फौज वाचवायला प्रोग्रॅम चालत नाही आणि शिवाजी पेठेतला मित्र चालतो, हा कुठला न्याय? फौज तर दोन्ही वेळा वाचतेच.

ते ढोंग नव्हतं हे एका माणसामुळं कळलं. आमच्या युतीत एकजण होता, त्याची फौज कधीच मरत नसे. दर हल्ल्याच्या काही सेकंद आधी निघून जायची आणि नंतर परत यायची, जणू पहाटे तीन हीच त्याची ऑफिसची वेळ. आम्ही कौतुक करायचो. मग एका रात्री युतीची फौज एका गावाच्या बचावाला जमली. ट्रॅव्हियनमध्ये सैन्य धान्य खातं. धान्य संपलं की सैनिक उपाशी मरू लागतात. रात्री दोनला सगळ्यांना मेसेज गेले, मिस्ड कॉल देऊन लोकांना उठवलं, ज्याच्या कोठारात जे असेल ते धाडा. हा गडी जागा दिसत होता. नावापुढचा ठिपका सांगत होता. त्याच्या गावात नवी बांधकामं सुरू होत होती, लुटीच्या टोळ्या जात-येत होत्या, आणि धान्याचा एक दाणा आला नाही, उत्तर नाही. सकाळी तो आला तो "काय झालं रात्री?" विचारत. पुढं खेळाच्या मल्टीहंटरनं, म्हणजे लबाडी शोधणाऱ्या माणसानं, त्याचं खातं बंद केलं, पण त्या आधीच आमच्यात त्याचं कुणाशी जमेनासं झालं होतं. सिटर असता तर निदान म्हणाला असता, "थांबा, तो झोपलाय, मी पाठवतो." किंवा "नाही पाठवत" म्हणाला असता. नकार मिळणं हीसुद्धा मोठी गोष्ट असते.

हे शहाणपण खेळ चालवणाऱ्यांना फार आधी आलं होतं. १९९७ मधल्या अल्टिमा ऑनलाइन या खेळात मॅक्रो, म्हणजे ठरवलेल्या कृती आपोआप करून देणारी सोय, खेळातच दिलेले होते. तेच तेच काम पुन्हा पुन्हा करून कसब वाढवायचं तर लोक ते वापरणारच. आक्षेप होता तो खुर्चीत कुणी नसताना ते चालू ठेवण्याला. गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्यांचा माणूस, अचानक तुमच्या पात्रासमोर उभा राहायचा आणि काहीतरी विचारायचा. तुम्ही उत्तर दिलंत तर राम राम. उत्तर आलं नाही तर कारवाई. तपासणी एवढीच. हाताचा वेग किंवा कमाई नंतर. आधी कुणी आहे का, हे बघायचं.

रनस्केप या ऑनलाइन खेळवाल्यांनी हेच काम यंत्राकडं सोपवून बघितलं आणि त्यांची फजिती झाली. तुम्ही झाडं तोडत बसलात की मध्येच कुणी म्हातारा यायचा, कुणी प्रश्नमंजूषा घ्यायचा, कुणी सँडविच पुढं करायचं. योग्य उत्तर दिलं तर बक्षीस, दुर्लक्ष केलं तर फटका किंवा भलत्याच ठिकाणी रवानगी. हेतू बॉट पकडण्याचा. बॉट लिहिणाऱ्यांनी काही काळातच या सगळ्या म्हाताऱ्यांची उत्तरं बॉटला शिकवली. उरला त्रास तो खऱ्या माणसांना, जे जरा चहा घ्यायला उठले आणि परत येऊन बघतात तर पात्र दुसऱ्याच मुलखात. यंत्राचा प्रश्न यंत्रालाच सोडवता येतो, यात नवल काहीच नाही. शेवटी २०११ च्या ऑक्टोबरमध्ये रनस्केपच्या जॅगेक्स कंपनीनं एका झटक्यात बॉटांचा मोठा बंदोबस्त केला, आणि ते अवचित येणारे पाहुणेही पुढं हळूहळू दात उपटल्यासारखे झाले.

ऑगस्ट २०१९ चा महापूर ज्यांनी कोल्हापुरात काढला त्यांना टँकरची रांग आठवत असेल. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. उपसा केंद्रंच पाण्यात बुडाली, त्यामुळं चहूकडं पाणी आणि नळ कोरडे. आमच्या गल्लीत टँकर यायचा, कधी ते कुणालाच माहीत नसायचं. माणसं किती वेळ उभी राहणार? मग घागरी उभ्या राहायच्या. कुणाची घागर, कुणाची बादली, कुणाची वर आडनाव खरडलेली वीट. घागर म्हणजे माणूस, हे सगळ्यांना मान्य. रांग सरकली तर मागची बाई पुढच्याची घागर पायानं अलगद पुढं ढकलायची, मालक घरात भाकरी थापत असला तरी. पण याच रांगेचे न लिहिलेले कायदे कडक होते. एका घराची एक घागर. सात घागरींची माळ लावणाऱ्याला अख्खी गल्ली ऐकवायची. टँकरचा हॉर्न वाजला की मालकानं घागरीपाशी यायचं. नाही आला तर घागर बाजूच्या कट्ट्यावर ठेवली जायची, फोडायचं नाही, चोरायचं नाही, नुसती बाजूला. आणि तिसरी गोष्ट मला तेव्हा लक्षात आली नव्हती: कुठली घागर कुणाची हे सगळ्यांना माहीत असायचं. बेवारशी घागर कुणी पुढं ढकलत नसे.

इचलकरंजीच्या पोराचं वजन सगळ्यांना चाललं ते याच हिशेबात. वजन ठेवलंय हे त्यानं फोटो काढून ग्रुपवर टाकलं होतं. 'मी चाललो, मासे धरतोय दगड' असं लिहून. सगळे हसले, कारण सगळ्यांना ठाऊक होतं की तिथं पोरगं नाही, दगड आहे. स्क्रिप्टच्या वेळी त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बावड्याच्या दुकानदारानं तेव्हाच आरडाओरडा केला असता, हे त्यालाही कळत होतं. म्हणूनच नाही सांगितलं. वजन आणि स्क्रिप्ट यांत तांत्रिक फरक नाही, हा त्याचा मुद्दा मी मान्य केला, आणि हा दुसरा फरक त्याच्यापुढं ठेवला. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "पण मामा, सगळे म्हणतेत बॉट वाईट, आणि सगळे वापरतेत." तेही खरं.

कारण कुठलं ऑटोमेशन चालतं याच्या रेषा खेळागणिक वेगळ्या आहेत, आणि त्या कुठंही आखल्या तरी थोड्या विचित्रच दिसतात. ट्रायबल वॉर्समध्ये परवानगी असलेल्या स्क्रिप्टची यादीच असायची आणि तत्त्व सोपं: एका क्लिकला एकच कृती. पाथ ऑफ एक्झाइलमध्येही जवळपास तेच, एक बटण दाबलं तर सर्व्हरवर एकच गोष्ट घडली पाहिजे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये खेळाडूंना पडदा हवा तसा बदलायला लुआ भाषेत अ‍ॅडऑन लिहिता येतात. लोकांनी असे अ‍ॅडऑन लिहिले की एकच बटण बडवत राहायचं. टोळीतल्या चाळीस जणांपैकी कुणाला विष चढलंय, कुणाला आधी वाचवायचं, हे अ‍ॅडऑन ठरवणार. २००६ च्या शेवटी कंपनीनं ते दार बंद केलं. माहिती दाखवा, पण कुणाला वाचवायचं ते माणसानं ठरवावं. मला हा नियम फार आवडतो. दाखवणं वेगळं आणि ठरवणं वेगळं, एवढी बारीक जागा हेरून तिथं कुंपण घालणं सोपं नाही.

पण कुंपण सरकत राहतं. २०२४ मध्ये काही कीबोर्डांत एक सोय आली: डावीकडं जायचं बटण दाबलेलं असताना उजवीकडचं दाबलं तर कीबोर्ड पहिलं स्वतःच सोडून देतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये पळता पळता जागच्या जागी थांबून गोळी मारणं हे वर्षानुवर्षं घासून येणारं कसब. ते कीबोर्डानं देऊन टाकलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या खेळाच्या व्हॉल्व्ह कंपनीनं आपल्या अधिकृत सर्व्हरवर ते वापरणाऱ्याला सामन्यातून बाहेर काढायला सुरुवात केली. त्यावर पैसे मोजून कीबोर्ड घेतलेल्यांचा संताप झाला, आणि तो मला समजतो. दुकानात उघड मिळणारी वस्तू, तिच्या खोक्यावर छापलेली सोय, आणि ती वापरली तर तुम्ही लबाड.

मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत डिस्पॅचचं काम बघतो. तिथं एक्सेलमध्ये मॅक्रो लिहून दोन तासांचं काम दोन मिनिटांत केलं तर साहेब पाठ थोपटतात. पोरांना हे ठाऊक आहे, आणि एकानं विचारलंच, "तुम्ही केलं की हुशारी, आम्ही केलं की चीटिंग?" प्रश्न बरोबर आहे, त्याचं उत्तरही सोपं आहे. माझ्या एक्सेलच्या तक्त्यात दुसरं कुणी राहत नाही. एकट्यानं खेळायच्या खेळात काय वाटेल ते करा, मला तर त्यात मजाच वाटते. स्क्रीप्स नावाचा एक ऑनलाइन खेळ आहे, त्यात हातानं खेळायचंच नसतं. जावास्क्रिप्टमध्ये प्रोग्रॅम लिहायचा आणि तुमचा प्रोग्रॅम इतरांच्या प्रोग्रॅमांशी चोवीस तास झुंजणार. तिथं बॉट लावला म्हणून कुणी भांडत नाही, कारण सगळे त्यासाठीच आलेत. इचलकरंजीकराला मी तो दाखवला. त्यानं दोन दिवस खेळून सोडला. म्हणाला, "तिथं कोण ओळखीचं न्हाई."

ज्या कामाला माणसं स्क्रिप्ट लावतात ते काम बहुधा स्क्रिप्ट लावण्याच्याच लायकीचं असतं, हेही इथं म्हटलं पाहिजे. तेच झाड हजारदा तोडा, तोच सांगाडा हजारदा मारा. हा वेळकाढूपणा खेळाडूनं मागितलेला नाही, तो खेळात घातलेला आहे, आणि पुष्कळ मोबाइल गेमांत तर तो मुद्दाम घातलेला असतो, म्हणजे कंटाळून तुम्ही पैसे टाकाल. पैसे टाकले की तेच काम कंपनी तुमच्यासाठी आपोआप करते. तुमचा बॉट म्हणजे गुन्हा, आणि कंपनीचा बॉट म्हणजे प्रीमियम सुविधा. एवढंच नाही. पबजीच्या मोबाइल आवृत्तीत नवख्यांच्या सामन्यांत बॉट भरलेले असतात हे आता कुणापासून लपलेलं नाही. आपल्याकडं २०२० च्या सप्टेंबरमध्ये त्यावर बंदी आली आणि २०२१ मध्ये बीजीएमआय या नावानं खेळ परत आला, तेव्हा कितीतरी पोरांनी पहिल्याच सामन्यात दहा-दहा जण मारून ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकले. त्या दहांत माणसं किती, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. बॉटच्या कपाळावर तसं लिहिलेलं नसतं.

लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटनं ते लिहून दाखवलंय. तिथं बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम आणायला २०१८ पासून रीतसर मुभा आहे. अट अशी की खातं नवं कोरं हवं, आणि एकदा ते यंत्राचं झालं की नावाआधी ग्रँडमास्टरच्या पदवीसारखं 'बॉट' असं कायमचं लागतं. त्याला माणसांच्या नेहमीच्या स्पर्धांत शिरता येत नाही, पण कुणी आव्हान दिलं तर खुशाल खेळावं. कोण समोर आहे हे माहीत असून लोक हौसेनं त्यांच्याशी खेळतात आणि हरतात. कुणाला फसल्यासारखं वाटत नाही. त्याच ठिकाणी कुणी आपल्या नावानं खेळताना गुपचूप इंजिनची, म्हणजे अशाच प्रोग्रॅमची, चाल चोरली तर खातं ठपका लावून बाजूला. प्रोग्रॅम तोच असू शकतो.

पोरं पुन्हा गच्चीवर जमली तेव्हा मी हे सांगितलं आणि त्यांनी लगेच आपला कायदा केला. कुठंतरी निघताना नावाआधी 'दगड' लावायचं आणि 'दगड ठेवून चाललो, अमुक वाजता येतो' असं चॅटमध्ये लिहायचं. दगड रात्रीच्या मोजणीत धरायचा नाही. दगडानं कमावलेला माल महाद्वार रोडवर विकायचा नाही, स्वतः वापरा. ही शेवटची अट बावड्याच्या दुकानदारानं घालून घेतली, आणि इचलकरंजीकरानं ती कुरकुरत मान्य केली. मंगळवार पेठेनं एकच सांगितलं: परत आल्यावर आधी चॅट वाचायचं. यावर कुणी वाद घातला नाही. तिनं दुसऱ्या दिवशी खड्डा परत खणायला घेतला.

कायदा आला की पळवाट येतेच. इचलकरंजीकरानं मध्यंतरी माइनफ्लेयर नावाची जावास्क्रिप्टची लायब्ररी शोधून काढली, जिनं माइनक्राफ्टमध्ये आपला प्रोग्रॅम खेळाडू म्हणून पाठवता येतो. त्यानं आपल्या दगडाला बोलायला शिकवलं. चॅटमध्ये कुणी दगडाशी बोललं की दगड उत्तर देणार: 'मी दगड आहे, नऊला येतो, काय निरोप?' माणसासारखं वाटावं म्हणून मध्ये तीन सेकंद थांबायचीही सोय. पोरांना हे इतकं आवडलं की बावड्याच्या पोरानं तोच कोड मागून घेतला आणि आपला दगडही बोलका केला. एका रात्री दोघेही दगड ठेवून गेले. झोपायच्या आधी भाच्यानं सहज चॅटमध्ये लिहिलं, 'दगड, शुभ रात्री.'

सकाळी भाच्यानं मला सर्व्हरचा लॉग पाठवला. दोन्ही दगड रात्रभर एकमेकांना नऊला येतो म्हणून सांगत होते आणि एकमेकांचा निरोप विचारत होते. मला हसू आवरेना, आणि एक जुनी गोष्ट आठवली. गप्पांच्या आयआरसी या जुन्या सेवेचा नियमग्रंथ १९९३ मध्ये लिहिला गेला, तेव्हा त्यात संदेशाचा एक वेगळाच प्रकार ठेवला होता, 'नोटिस' म्हणून. नोटिसला आपोआप उत्तर कधीच द्यायचं नाही असा त्यात स्पष्ट दंडक आहे, कारण दोन आपोआप बोलणारे समोरासमोर आले तर थांबणार कोण? भाच्याला हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मग दगडानं दगडाशी बोलायचं न्हाई, असा नियम घालतो." मागून मंगळवार पेठेचा आवाज आला, ती रंकाळ्याच्या पाण्याची पातळी ठरवायला आली होती: "आणि त्येनी रात्रभर काय निरोप घेतलाय, त्यो कोण वाचणार?" भाचा म्हणाला, वाचायला एक स्क्रिप्ट लिहितो.